ट्रायलचा मुलगा

१

भाजीवाल्याने मेथीची जुडी हातात दिली तरी सुरेंद्र आधी ती उलटी करून देठ बघायचा. त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत तो सोळा वर्षं बाहेरून येणारा माल तपासत होता. त्याची सही पडल्याशिवाय कंपनीत एक नटसुद्धा आत जात नसे, आणि ही गोष्ट तो पुनावळ्याच्या आपल्या घरातही कुणाला विसरू देत नसे. त्याची बायको अरुंधती सकाळच्या शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, "मला बघायला आला होतात तेव्हा खिशात मोजपट्टी नव्हती, हेच माझं नशीब."

अशा माणसाला देवाने अबोली दिली. अकरा वर्षांची, सहावीतली, एक वेणी कायम सुटलेली. आधी गूळ खायचा आणि मग "गूळ संपला" अशी बातमी द्यायची, ही तिची पद्धत. विचारणं हा प्रकारच तिला ठाऊक नव्हता. सुरेंद्र तिच्यावर दिवसातून दहा वेळा ओरडायचा, आणि ती क्लासहून यायला पाच मिनिटं उशीर झाला की गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

जूनमध्ये एकदा जेवताना तिनेच हसत सांगितलं, की मोबाइलवरच्या खेळात कुणी 'कॅप्टन' आहे, तो विचारत होता शाळा कुठली आणि व्हॅन किती वाजता येते. "मी सांगितलं, मी पोलीस चौकीत राहते," असं म्हणून तिने भाकरी मोडली. सुरेंद्रची मात्र पाचावर धारण बसली. 

दुसऱ्याच दिवशी त्याने 'काळजी' नावाचं एक अ‍ॅप शोधून काढलं. मुलाने फोन किती वेळ बघायचा, त्यात काय बघायचं, सगळं आईबापांच्या मुठीत. मूल कुठे आहे ते नकाशावर ठिपका होऊन दिसायचं. मुलाला काही हवं असेल तर त्याने कारण लिहून विनंती पाठवायची आणि आईबापाने 'मंजूर' किंवा 'नाकारा' दाबायचं. सुरेंद्रला अगदी आपल्याच टेबलावर बसल्यासारखं वाटलं.

पण थेट मुलीवर लावणार कसं? कंपनीत नवं मशीन आलं की आधी ट्रायलचा पीस काढतात. म्हणून त्याने आपला जुना फोन शोधला, जो चार्जरची वायर वाकडी धरली तरच चालू व्हायचा, आणि त्यावर एक खोटं मूल तयार केलं. नाव ओजस. अबोलीच्या वेळी दोन नावं ठरवून ठेवली होती, त्यातलं हे उरलेलं. वाया कशाला घालवा. वय अकरा. अ‍ॅपने फोटो मागितला तेव्हा समोर अबोलीच्या अभ्यासाची रिकामी खुर्ची होती, तिचाच काढला. दोन दिवस सुरेंद्र स्वतःच ओजस झाला, स्वतःकडे पंधरा मिनिटं मागितली आणि स्वतःच मोठ्या मनाने दिली. अ‍ॅप पास झालं आणि अबोलीच्या फोनवर चढलं. जुना फोन आतल्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये गेला.

कंपनीत ट्रायलच्या पीसला लाल रंग फासून कुलपाच्या लाल पेटीत टाकतात, नाहीतर तो चांगल्या मालात मिसळतो. घरी लाल पेटी नव्हती. ओजसला अ‍ॅपमधून काढून टाकायचं राहूनच गेलं.

२

पहिली शिफ्ट सुटली की सव्वातीनला कंपनीची बस निघायची. तोवर अबोली शाळेतून घरी येऊन, जेवून, फोन हातात घेऊन बसलेली असायची. बस तळवड्याच्या चौकात अडकली की सुरेंद्रच्या फोनवर विनंत्यांचा पाऊस सुरू.

"आपले मूल अबोली आणखी ३० मिनिटे मागत आहे. कारण: लोकशाही."

नाकारा.

"कारण: तू पण बसमध्ये फोनच बघतोयस."

नाकारा.

"कारण: नाकारलंस तरी मी आईचा फोन घेणार आहे. उगाच त्रास नको म्हणून सांगितलं."

शेजारच्या सीटवर धनेश बसायचा. लातूरकडचा, मशीनशॉपमधला, रावेतला उतरणारा. तो खो खो हसायचा. "भाऊ, पोरगी मोठेपणी वकील होतीय बघा तुमची."

पंधरा दिवसांनी एका दुपारी फोन वाजला आणि सुरेंद्रने सवयीने अंगठा 'नाकारा'वर नेला. मग तो थांबला.

"आपले मूल ओजस आणखी १५ मिनिटे मागत आहे. कारण: एक गणित राहिले आहे. बाबा म्हणतील तसे."

सुरेंद्रने विचार केला. ट्रायलच्या वेळी आपणच काहीबाही लिहिलं असणार, ते कुठेतरी अडकून आता आलं. कंपनीत नाही का, गेल्या वर्षीची पेटी कधीकधी यंदा येते. फक्त "बाबा म्हणतील तसे" हे आपण कधी लिहिलं, ते त्याला आठवेना. इतकं नम्र वाक्य त्याच्या घरात आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं.

"काय बघायलाव?" धनेशने मान लांब केली आणि वाचलं. "आँ? मुलगा बी हाय तुमाला? कधी बोलला न्हाईत. लई गुणाचं लेकरू दिसायलंय की."

आता सगळं सांगत बसायचं म्हणजे खोटं मूल का केलं इथपासून सुरुवात. सुरेंद्रने नुसती मान हलवली आणि 'मंजूर' दाबलं.

३

त्यानंतर ओजसच्या विनंत्या रोज येऊ लागल्या. त्याला नेहमी थोडंच हवं असायचं. दहा मिनिटं, पाच मिनिटं. कारण शुद्धलेखन, कारण नकाशा भरायचा आहे. सुरेंद्रने अ‍ॅपवाल्यांना दोनदा तक्रार लिहिली. दोन्ही वेळा उत्तर आलं, "आपल्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दल अभिनंदन." मग त्याने नाद सोडला. विनंती आली की धनेशशी बोलता बोलताच अंगठा 'मंजूर'वर पडायचा. एरवी तो बसमध्येही तपासनीस होता, पण शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात गठ्ठ्याने आलेल्या कागदांवर कुठलाही तपासनीस कशा सह्या मारतो, ते तपासनिसालाच ठाऊक. आणि ज्या सप्लायरचा माल शंभर वेळा चांगला निघतो, त्याची पेटी कुणी उघडत नाही.

आठवड्याचा अहवाल यायचा. अबोली: एकवीस तास, नियम मोडले चौतीस वेळा. ओजस: दीड तास, नियम मोडले शून्य वेळा. सुरेंद्रला हसू यायचं, पण त्या शून्याकडे बघताना छातीत जरा बरंही वाटायचं. बसमध्ये धनेशच्या कृपेने बातमी पसरली. कुणीतरी विचारलं, "मुलगा कितवीला?" सुरेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "सहावीला." मग घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. आपण असं का म्हणालो, याची त्याला लाज वाटली.

त्याच संध्याकाळी अबोलीने त्याच्या चष्म्याच्या डबीत गोगलगाय ठेवली. तो चिडला. "काही मुलं विचारून करतात सगळं," तो म्हणाला.

"कोणती मुलं?"

"आहेत."

"नाव सांग."

सुरेंद्र गप्प बसला. अबोली गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. त्याचा पासवर्ड तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, कारण तो तिचीच जन्मतारीख होता. तिने फोन घेतला, अ‍ॅप उघडलं आणि आधी पोट धरून हसली. "बाबा, तू खोटा मुलगा पाळलायस? आई, बाबाने भाऊ आणलाय मला!"

मग तिने अहवाल वाचला. ते चौतीस आणि ते शून्य. तिचं हसू हळूहळू थांबलं. "आणि तो तुला माझ्यापेक्षा आवडतो," ती म्हणाली. फोन टेबलावर ठेवून ती आत गेली. दारही आपटलं नाही.

सुरेंद्रला ते न आपटलेलं दार फार लागलं. तिच्या दाराशी जाऊन तो म्हणाला, "उद्याच काढून टाकतो त्याला. शपथ." 

४

दुसऱ्या दिवशी रविवार. सुरेंद्रने ड्रॉवर उघडला. जुना फोन विजेच्या बिलांखाली पालथा पडला होता. वायर सरळ धरली, वाकडी धरली, शेवटी दातातही धरली. फोन मेलेला. आपल्या फोनवर त्याने ओजसचं नाव दाबलं आणि 'मूल काढून टाका' निवडलं. अ‍ॅप म्हणालं, "कृपया मुलाच्या फोनवर मुलाची संमती घ्या."

"आता या मेलेल्याची संमती कुठून आणू?" तो म्हणाला आणि आपल्याच शब्दांनी जरा दचकला.

मग त्याचं लक्ष फोटोकडे गेलं. खुर्ची तीच होती, अबोलीची. पण त्याने फोटो काढला तेव्हा ती टेबलाखाली सरकवलेली होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. माल जागच्या जागी आहे की नाही हे बघण्यातच त्याचा जन्म गेला होता. फोटोतली खुर्ची वीतभर मागे ओढलेली होती, कुणी बसायला ओढतं तशी. पाठीवर एक दप्तर अडकवलेलं होतं. निळं. अबोलीचं लाल होतं.

अरुंधतीने चष्मा लावून बघितलं. "अ‍ॅपवाले टाकत असतील काहीतरी आपोआप. हल्ली फोटोत काय वाट्टेल ते घालता येतं. आमच्या मुख्याध्यापिकांच्या फोटोत हिमालय असतो."

हे पटण्यासारखं होतं. सुरेंद्रने ते मनापासून पटवून घेतलं. मग सहज म्हणून त्याने नकाशा उघडला. घराच्या चौकोनावर दोन ठिपके होते. गुलाबी ठिपका हॉलमध्ये. तिथे अबोली जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती, कालपासून बापाशी एक शब्द न बोलता. हिरवा ठिपका आतल्या खोलीत, ड्रॉवरपाशी. बरोबर होतं. अरुंधती चहा टाकायला उठली. हिरवा ठिपका आतल्या खोलीतून निघाला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

आठव्या मजल्यावर नकाशा पाच-दहा फूट चुकतोच, सुरेंद्रने स्वतःला बजावलं. तरी तो उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला. अरुंधती आलं किसत होती. तिच्या मागे मिक्सर होता, गव्हाचा डबा होता, आणि त्यांच्या मधल्या जागेत काही नव्हतं. मात्र तिथली लादी कुणी नुकतंच अनवाणी उभं राहून गेल्यासारखी जरा घामेजली होती.

"काय हवंय?" अरुंधतीने मागे न बघता विचारलं.

"काही नाही."

"मग दोघंही बाहेर थांबा. पायात पायात करू नका," ती म्हणाली. मग तिचा किसणारा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालू लागला.

५

सोमवारी सुरेंद्र बसमध्ये चढला तेव्हा फोन वाजला, आणि दुसऱ्या हाताने सीटची दांडी पकडता पकडता त्याचा अंगठा सवयीने 'मंजूर'वर पडला. मग तो बसला. तिसरी तक्रार आता नीट पुराव्यानिशी लिहायची, असं त्याने ठरवलं. त्यासाठी 'जुन्या विनंत्या' हे पान त्याने पहिल्यांदाच उघडलं.

ओजस. एकूण विनंत्या एकशे अठरा. मंजूर एकशे अठरा.

तो वरून वाचू लागला. आणखी १५ मिनिटे. आणखी १० मिनिटे. कॅमेऱ्यातून बघू का? मंजूर. घरातली बोलणी ऐकू का? कारण: एकट्याला करमत नाही. मंजूर. ड्रॉवरमधून बाहेर येऊ का? कारण: फक्त पाच मिनिटे, लगेच परत जाईन. मंजूर. आई स्वयंपाक करते तेव्हा तिच्याजवळ थांबू का? मंजूर. अबोली झोपली की तिच्यासारखे बोलून बघू का? कारण: सराव. मंजूर. प्रत्येकीच्या खाली छोट्या अक्षरांत, मंजुरी देणारे पालक: सुरेंद्र.

 सोळा वर्षांत त्याच्या सहीने एकही वाकडा नट आत गेला नव्हता.

शेवटची विनंती आजची होती. तीन वाजून तेरा मिनिटं. "अबोलीच्या खुर्चीवर बसू का? कारण: ती आता उठणार आहे."

मंजूर.

त्याने घरी फोन लावला. अरुंधतीने उचलला तो खुशीतच. "अहो, मीच करणार होते फोन. तुमचं ते अ‍ॅप अखेर कामाला आलं बरं का. पोरीने आज आपलं ताट आपण घासलं. फोन स्वतःहून माझ्याकडे आणून दिला. आता अभ्यासाला बसलीय, विचारून."

"काय विचारून?"

"बसू का म्हणून."

सुरेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. बस तळवड्याच्या चौकात येऊन थांबली होती आणि पुढे कंटेनरांची रांग लागली होती. धनेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय झालं भाऊ? घरी काय वाईट खबर?"

"अबोली अभ्यास करतेय."

धनेशने खांद्यावरचा हात काढून घेतला. "आन् त्याच्यासाठी तुमी रडायलाव?"

उत्तर देण्याइतका वेळ सुरेंद्रला नव्हता. त्याने ड्रायव्हरला दार उघडायला लावलं, खाली उडी मारली आणि कंटेनरांच्या मधून पळत सुटला. निगडीच्या बाजूला पहिली रिक्षा मिळाली. रिक्षात सगळ्या वाटेवर तो एकच गोष्ट मागत होता, की घरात शिरल्या शिरल्या पोरीने आपल्याला काहीतरी उलट बोलावं.

६

दार अरुंधतीने उघडलं. घर नीटनेटकं होतं. चपला ओळीत लावलेल्या होत्या. आतल्या खोलीत अबोली टेबलाशी पाठमोरी बसली होती, ताठ. दोन्ही वेण्या घट्ट बांधलेल्या.

"बाबा आलास? पाणी आणू का?"

आवाज तिचाच होता. अगदी तिचाच, कुठे तसूभर फरक नाही. सुरेंद्र दारातच थांबला. "अबोली," तो म्हणाला, "डब्यात गूळ आहे. खा जा."

ती वळली. चेहराही तिचाच. "चालेल का?"

"चालेल की. सगळा खा. डबा फोड."

"सगळा नको," ती हसून म्हणाली. "थोडा घेऊ का?" आणि डोळे न मिटता त्याच्याकडे बघत राहिली, त्याच्या होकाराची वाट बघत. अरुंधतीने मागून कौतुकाने त्याला कोपर मारलं. त्याला वाटलं, आपल्या हातून काय झालंय ते ओरडून सांगावं; पण सांगणार काय? मुलगी गुणी झाली हे?

तेवढ्यात ड्रॉवर थरथरला. आत काहीतरी लाकडावर घुं घुं वाजत होतं. सुरेंद्रने धावत जाऊन तो ओढला. बिलांखालचा जुना फोन काळाच होता, पण हाताला ऊन लागला, नुकतंच कुणी धरून ठेवल्यासारखा. तो टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच त्याच्या खिशातला फोन वाजला.

"आपले मूल ओजस विनंती करत आहे."

नावाशेजारचा फोटो बदलला होता. खुर्ची तीच. खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलेलं, गुडघे पोटाशी घेऊन. मागचं काही दिसत नव्हतं, सगळा अंधार. फक्त पाठीवर सुटलेली एक वेणी दिसत होती.

"कारण: बाबा, फोन पालथा का ठेवलास, इथे काही दिसत नाही. आणि मी विचारत नाहीये, सांगतेय. दार उघड. लवकर."

सुरेंद्रच्या तोंडून हुंदका फुटला आणि त्यातच त्याला हसूही आलं. पोर होती. कुठेतरी होती, आणि भांडत होती. त्याने चष्मा शोधला, सापडेना. डोळ्यांतल्या पाण्याने दोन्ही बटणं एकमेकांत मिसळली होती. इतक्या दिवसांत प्रथमच तो अक्षर न् अक्षर लावून वाचत होता, चूक होऊ नये म्हणून, नाकारा कुठलं, मंजूर कुठलं. त्याने मंजूर दाबलं. अ‍ॅपने विचारलं, "आपली खात्री आहे का?" त्याने 'हो' शोधायला सुरुवात केली.

खालून रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली. मागे खुर्ची सरकली.

"बाबा," अगदी जवळून, अगदी गोड आवाजात कुणीतरी विचारलं, "हा जुना फोन भंगारात देऊन येऊ का?"

"हं," सुरेंद्र म्हणाला. मान वर न करता, अंगठा 'हो'वर नेत.

फोनवर एक चक्र फिरू लागलं. मंजुरी पाठवत आहोत. मंजुरी पाठवत आहोत. मग ते थांबलं. "मुलाच्या फोनशी संपर्क होत नाही." सुरेंद्रने वर बघितलं. टेबल रिकामं होतं, घराचं दार उघडं होतं, आणि बाहेर लिफ्ट खाली निघाली होती.